पुलाच्या स्लॅबमध्ये डोकावणारे रडार

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत आवाज आला तर मडके पक्के. बद्द आवाज आला तर त्याला कोठेतरी तडा गेला आहे असे समजतो. गवंडीसुद्धा जुन्या भिंतीचे प्लास्टर हातोडीने हलकेच ठोकत जातो आणि जेथे ते 'पोकळ' वाजते तेथे खूण करून ठेवतो. वस्तू न फोडता तिच्या आतली अवस्था ओळखण्याची ही फार जुनी रीत आहे. तिच्यात तीन पायऱ्या असतात. आपण वस्तूकडे काहीतरी पाठवतो, तिच्याकडून काहीतरी परत येते आणि परत आलेल्याचा आपण अर्थ लावतो.

या तीन पायऱ्यांपैकी तिसरी सर्वांत अवघड असते. काँक्रीटच्या पुलांची तपासणी करण्यासाठी आज वापरल्या जाणाऱ्या 'ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार' या उपकरणाच्या बाबतीत हे फार चांगले दिसून येते. या नावाचा अर्थ जमिनीच्या आत शिरणारे रडार. सोयीसाठी आपण त्याला भूवेधी रडार म्हणू. हे उपकरण पुलावरून फिरवले की संगणकाच्या पडद्यावर स्लॅबच्या आतले चित्र उमटते. पण हे चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. ते नेमके कशाचे चित्र आहे आणि त्यावर किती विश्वास ठेवावा, हे समजून घ्यायला माध्यमिक शाळेतले भौतिकशास्त्र आणि भूमिती जवळजवळ पुरते. म्हणूनच हा विषय आम्ही येथे निवडला आहे.

मीठ, पाणी आणि लोखंड

आधी रोग समजून घेऊ, मग तपासणी. काँक्रीट दाब चांगला सोसते, परंतु ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या सुमारे एक दशांशच असते. म्हणून त्यात लोखंडी सळ्या घालतात. ताण सळ्या घेतात, दाब काँक्रीट घेते. शिवाय काँक्रीट सळ्यांचे रक्षणही करते. सिमेंटमुळे काँक्रीटच्या छिद्रांतले पाणी अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा पीएच १२.५ ते १३.५ च्या आसपास असतो. अशा परिसरात लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि गंजणे थांबते.

हा थर मोडण्याचे काम क्लोराइड आयन करतात. अमेरिका, कॅनडा व युरोपातील थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचते. ते वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाचे पाणी शुद्ध पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठते. योग्य प्रमाणात मीठ असेल तर हा गोठणबिंदू उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत खाली जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, त्यामुळे पुलावरचा रस्ता जमिनीवरच्या रस्त्याच्या आधी गोठतो. म्हणजे मिठाची गरज सर्वांत आधी पुलावरच पडते.

हे खारे पाणी बारीक भेगांतून व छिद्रांतून हळूहळू खाली झिरपते. काही वर्षांनी क्लोराइड वरच्या सळ्यांपर्यंत पोचते आणि गंजायला सुरुवात होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट असते. आत जागा नाही, म्हणून फुगणारा गंज भोवतालच्या काँक्रीटला ताण देतो. ताणात दुबळे असलेले काँक्रीट सळ्यांच्या पातळीवर आडवे फाटते. एका सळईपासून निघालेली फट शेजारच्या सळईच्या फटीला मिळते आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटा होतो. वरून काहीच दिसत नाही. पुढे वाहनांच्या आदळण्याने हा पापुद्रा फुटतो आणि खड्डा पडतो. खड्डा दिसेपर्यंत आतला रोग बराच पसरलेला असतो.

अमेरिकेत ओहायो नदीवरचा 'सिल्व्हर ब्रिज' हा पोलादी पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळला आणि ४६ माणसे मृत्युमुखी पडली. हा पूल काँक्रीटचा नव्हता आणि त्याचे कारणही वेगळे होते. पण त्यानंतर १९७१ साली पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले आणि साधारणपणे दर दोन वर्षांनी प्रत्येक पूल तपासण्याची पद्धत सुरू झाली. त्या देशात आज ६ लाखांहून अधिक पूल आहेत. तेव्हा स्लॅब न फोडता, वाहतूक फार वेळ न थांबवता, आतला रोग कसा ओळखायचा, हा प्रश्न मोठा आहे.

साखळी ओढण्याची पद्धत

यावर एक साधा उपाय आजही वापरात आहे. तपासनीस लोखंडी साखळ्या पुलावरून ओढत चालतो आणि कान देऊन ऐकतो. निरोगी काँक्रीटवर आवाज स्वच्छ येतो, सुटलेल्या पापुद्र्यावर तो बद्द येतो. मडके वाजवण्याचीच ही मोठी आवृत्ती! पद्धत स्वस्त आहे आणि उपयोगीही आहे. पण तिच्यासाठी वाहतूक बंद करावी लागते, शेजारच्या मार्गिकेवरच्या गोंगाटात बारीक फरक कळत नाही आणि काँक्रीटवर डांबराचा थर असेल तर आवाज नीट येत नाही. शिवाय पापुद्रा सुटल्यावरच ती काही सांगू शकते. सुटण्याच्या आधी काय चालले आहे, ते ती सांगत नाही. येथे रडारचा विचार पुढे आला.

बर्फ, चंद्र आणि मंगळ

रेडिओलहरी पाठवून परावर्तन पकडण्याची कल्पना जुनी आहे. क्रिश्चन हुल्समायर या जर्मन संशोधकाने १९०४ साली या तत्त्वावर दूरचे जहाज ओळखण्याच्या उपकरणाचे पेटंट घेतले होते. १९२९ साली ऑस्ट्रियात रेडिओलहरींनी एका हिमनदीची खोली मोजण्यात आली. पुढे ग्रीनलंड व अंटार्क्टिकावरून उडणाऱ्या विमानांतील रडारचे उंचीमापक चुकीची उंची दाखवतात असे लक्षात आले. लहरी बर्फाच्या पृष्ठावरून परतण्याऐवजी बर्फ पार करून तळाच्या खडकावरून परतत होत्या. वैमानिकाच्या दृष्टीने ही धोक्याची गोष्ट होती. भूशास्त्रज्ञांना मात्र तिच्यातून बर्फाची जाडी मोजण्याचे साधन मिळाले. १९७२ साली अपोलो १७ यानाने चंद्राभोवती फिरताना याच तत्त्वाने चंद्राच्या पृष्ठाखालचे थर तपासले. २०२१ साली मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हरन्स' या गाडीवरही भूवेधी रडार आहे.

बर्फाचे शेकडो मीटर पार करणारी कमी वारंवारतेची लहर पुलाच्या कामाची नाही. पुलाचा स्लॅब साधारण २० ते २५ सेंटिमीटर जाडीचा असतो आणि वरच्या सळ्या पृष्ठभागापासून ५ ते ७ सेंटिमीटरवर असतात. एवढ्या जवळच्या गोष्टी वेगवेगळ्या दिसायच्या तर लहर आखूड हवी. म्हणून येथे १ ते २.६ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी वापरतात. वारंवारता वाढवली की बारकावा वाढतो पण खोली कमी होते. ही देवघेव टाळता येत नाही.

लहर किती वेगाने जाते?

निर्वात जागेत, आणि जवळजवळ हवेतही, विद्युतचुंबकीय लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. म्हणजे आपली एक फुटाची पट्टी हे प्रकाशाचे जवळपास एका नॅनोसेकंदाचे अंतर आहे! विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांना नॅनोसेकंद 'दिसू' लागतो.

पदार्थात मात्र ही लहर हळू चालते. किती हळू, हे त्या पदार्थाच्या परावैद्युत स्थिरांकावर अवलंबून असते. पदार्थातील विद्युतभार लहरीच्या विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतात याचे हे माप आहे. नियम सोपा आहे : हवेतल्या वेगाला या स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागावे. हवेसाठी स्थिरांक १, बर्फासाठी सुमारे ३, कोरड्या काँक्रीटसाठी ५ ते ६, ओलसर काँक्रीटसाठी ८ ते १२ आणि पाण्यासाठी सुमारे ८० असतो.

आपण हिशेबासाठी काँक्रीटचा स्थिरांक ९ धरू. वर्गमूळ ३. म्हणून काँक्रीटमध्ये लहरीचा वेग नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर. ५ सेंटिमीटर खोलीवरच्या सळईपर्यंत जाऊन परत यायला १० सेंटिमीटर अंतर, म्हणजे बरोबर १ नॅनोसेकंद. उपकरणाला मोजायचे आहेत ते असले काळ.

या यादीत पाण्याचा आकडा किती वेगळा आहे, ते पाहा. थोडासा ओलावासुद्धा काँक्रीटचा स्थिरांक लक्षणीय बदलतो. भूवेधी रडार हे बऱ्याच अंशी ओलावा ओळखणारे उपकरण आहे, हे येथेच ध्यानात ठेवू.

प्रतिध्वनी कोठून येतो?

पदार्थ बदलला की लहरीचा काही भाग परततो. दोन पदार्थांच्या स्थिरांकांची वर्गमुळे घ्यायची. त्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की परत येणाऱ्या लहरीचा आयाम मूळ आयामाच्या किती पट आहे ते मिळते. हवेतून काँक्रीटमध्ये शिरताना १ वजा ३ भागिले १ अधिक ३, म्हणजे उणे ०.५. निम्मा आयाम पृष्ठभागावरूनच परततो. उणे चिन्हाचा अर्थ लहर उलटी होऊन परतते, म्हणजे उंचवट्याच्या जागी खळगा येतो. काँक्रीटमधून लोखंडावर पडलेली लहर जवळजवळ पूर्णपणे परततो. म्हणून सळ्या रडारला ठळक दिसतात.

याचा एक सुंदर उपयोग आहे. गाडीला टांगलेल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनाने आधी जमिनीवर ठेवलेल्या धातूच्या पत्र्यावरून प्रतिध्वनी घेतात. तो पूर्ण परावर्तनाचा. मग पुलाच्या पृष्ठभागावरून घेतात. दुसरा पहिल्याच्या निम्मा आला, तर वरचे सूत्र उलटे वापरून काँक्रीटचा स्थिरांक ९ आहे हे कळते. काँक्रीटला हातही न लावता! अशी गाडी वाहतुकीच्या वेगाने पुलावरून जाऊ शकते. अधिक बारकावा हवा असेल तर जमिनीला टेकलेली अँटेना हातगाडीसारखी ढकलत नेतात.

पडद्यावरच्या कमानी

रडारच्या पडद्यावर सळई ठिपक्यासारखी दिसेल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती खाली पाय सोडलेल्या कमानीसारखी दिसते. असे का व्हावे?

अँटेना फक्त सरळ खाली पाहत नाही. टॉर्चच्या झोतासारखी तिची लहर पसरते. त्यामुळे सळईवर पोचण्याच्या आधीपासून आणि ती ओलांडून गेल्यावरही सळईचा प्रतिध्वनी येत राहतो. उपकरण मात्र प्रत्येक प्रतिध्वनी सरळ खालूनच आला असे मानून काढते. अँटेना दूर असताना तिरके अंतर जास्त, म्हणून वेळ जास्त, म्हणून खूण खाली. सळईच्या बरोबर वर आल्यावर अंतर सर्वांत कमी, खूण सर्वांत वर.

हे गणित पायथागोरसचे आहे. सळई ६ सेंटिमीटर खोलीवर आहे असे धरा. वेग पूर्वीसारखाच, नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर.

अँटेना सळईच्या बरोबर वर : तिरके अंतर ६ सेंमी, जाण्यायेण्याचा वेळ १.२ नॅनोसेकंद.
आडवे अंतर २.५ सेंमी : तिरके अंतर ६.५ सेंमी, वेळ १.३ नॅनोसेकंद.
आडवे अंतर ४.५ सेंमी : तिरके अंतर ७.५ सेंमी, वेळ १.५ नॅनोसेकंद.
आडवे अंतर ८ सेंमी : तिरके अंतर १० सेंमी, वेळ २.० नॅनोसेकंद.

वेळ खालच्या दिशेने मोजून हे बिंदू आलेखावर दोन्ही बाजूंना मांडले की कमान तयार होते. गणितात या वक्राला अपास्त म्हणतात.

आता खरी गंमत पाहू. वेळेचा वर्ग आणि आडव्या अंतराचा वर्ग यांचा आलेख काढा. आडव्या अंतराचे वर्ग ०, ६.२५, २०.२५ आणि ६४. वेळेचे वर्ग १.४४, १.६९, २.२५ आणि ४.००. चारही बिंदू एका सरळ रेषेत येतात! या रेषेचा चढ ०.०४ आहे आणि तो ४ भागिले वेगाचा वर्ग एवढा असतो. म्हणून वेगाचा वर्ग १००, वेग १०. खोली माहीत नसतानाही केवळ कमानीच्या आकारावरून लहरीचा वेग कळला आणि वेगावरून खोली कळली. दहावीच्या वर्गात पायथागोरस, आलेख आणि चढ हे तिन्ही विषय एका पुलावर एकत्र आणता येतात.

फट दिसते का?

आतापर्यंतच्या वर्णनावरून वाटेल, की सुटलेल्या पापुद्र्याखालची फट रडारला सहज दिसत असेल. काँक्रीट आणि हवा यांच्या सीमेवर निम्मा आयाम परततो, हे आपणच वर काढले. मग अडचण कोठे आहे?

अडचण फटीच्या जाडीत आहे. समजा, फट अर्ध्या मिलिमीटरची आहे. तिला दोन कडा आहेत. वरच्या कडेवर लहर काँक्रीटमधून हवेत जाते, परावर्तन अधिक ०.५. खालच्या कडेवर ती हवेतून काँक्रीटमध्ये जाते, परावर्तन उणे ०.५. एक सुलटा, एक उलटा. दोन्ही प्रतिध्वनींमधला काळ किती? जाऊन-येऊन १ मिलिमीटर हवा, म्हणजे नॅनोसेकंदाचा सुमारे तीनशेवा भाग. आणि दीड गिगाहर्ट्झच्या लहरीचे एक आंदोलन सुमारे ०.७ नॅनोसेकंदाचे. म्हणजे सुलटा आणि उलटा प्रतिध्वनी जवळजवळ एकाच वेळी येतात आणि एकमेकांना खोडून टाकतात. फट असूनही तिचा प्रतिध्वनी अगदी क्षीण राहतो. पाण्याने भरलेली फट थोडी अधिक दिसते, कारण पाण्यात लहर नऊपट हळू चालते आणि दोन प्रतिध्वनींत अंतर पडते. पण कोरडी, बारीक फट या रडारला सहसा दिसत नाही.

मग रडार शोधते काय? ते रोगाच्या आधीची परिस्थिती शोधते. गंजण्यासाठी ओलावा आणि क्लोराइड लागतात. खारे पाणी विजेचे वाहक आहे. वाहकातून विद्युतचुंबकीय लहर जाताना तिची ऊर्जा आयनांच्या हालचालीत खर्च होते आणि लहर क्षीण होत जाते. म्हणून खारट, ओल्या काँक्रीटमधून सळईपर्यंत जाऊन आलेला प्रतिध्वनी निरोगी काँक्रीटमधून आलेल्या प्रतिध्वनीपेक्षा दुबळा असतो. सळई तीच, खोली तीच, पण कमान फिकट. तज्ज्ञ या फिकटपणाकडे लक्ष देतो. सळई येथे आरशासारखी आहे. आरसा किती धूसर दिसतो यावरून मधल्या धुक्याचा अंदाज बांधायचा.

नकाशा आणि उत्तीर्णतेची रेषा

पुलावरून समांतर ओळींत रडार फिरवून प्रत्येक सळईच्या प्रतिध्वनीची तीव्रता मोजतात आणि तिचा नकाशा काढतात. तीव्रतेतला फरक डेसिबेलमध्ये लिहितात. आयाम निम्मा झाला की ६ डेसिबेलची घट, पाव झाला की १२ डेसिबेलची. निरोगी भाग हिरवा, संशयित पिवळा, बिघडलेला लाल, असे रंग देतात.

येथे दोन सावधगिऱ्या लागतात. पहिली खोलीची. सळई एका ठिकाणी ५ सेंटिमीटरवर आणि दुसरीकडे ८ सेंटिमीटरवर असेल, तर निरोगी काँक्रीटमध्येही दुसरीचा प्रतिध्वनी दुबळाच येणार. म्हणून आधी सर्व सळ्यांचा खोली-तीव्रता आलेख काढतात. त्या बिंदूंच्या वरच्या कडेने जाणारी रेषा निरोगी काँक्रीटची समजतात आणि प्रत्येक सळई तिच्या खोलीला अपेक्षित तीव्रतेपेक्षा किती खाली आहे ते पाहतात.

दुसरी सावधगिरी मर्यादारेषेची. किती घट झाली की 'बिघाड' म्हणायचे? आपल्याला परीक्षेतली उत्तीर्णतेची रेषा ठाऊक आहे. ३४ आणि ३६ गुणांच्या मुलांत फारसा फरक नसतो, पण रेषा त्यांना वेगळे करते. येथेही रेषा कडक ठेवली तर चांगले काँक्रीट फोडले जाईल, आणि सैल ठेवली तर रोगट काँक्रीट तसेच राहील. शिवाय येथे तुलना त्याच पुलाच्या सर्वांत चांगल्या भागाशी असते. सगळा वर्गच कच्चा असेल तर त्यातला पहिला नंबरही कच्चाच! पूर्ण स्लॅब सारखाच खारावलेला असेल, तर रडारला तुलनेसाठी निरोगी भागच सापडत नाही. म्हणून काही ठिकाणी काँक्रीटचा गोल तुकडा कापून बाहेर काढतात, त्यातला क्लोराइड मोजतात आणि रेषा खरी की खोटी ते ताडून पाहतात.

हवामानाचाही प्रश्न असतो. पृष्ठभाग ओला असेल तर मापन बिघडते. गोठलेल्या स्लॅबवर आणखी मोठी फसगत होते. पाण्याचा स्थिरांक ८०, बर्फाचा ३. आतला ओलावा गोठला की रडारच्या दृष्टीने तो जवळजवळ नाहीसाच होतो आणि रोगट स्लॅब निरोगी भासतो. थंडीमुळे होणारा रोग थंडीत तपासता येत नाही!

हेमार्केटचा पूल

एका पद्धतीवर विसंबू नये, हे प्रत्यक्ष तपासूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेत महामार्ग-संशोधनाच्या एका मोठ्या कार्यक्रमात अनेक पद्धतींची एकत्र परीक्षा घेण्यात आली. काही चाचण्या मुद्दाम दोष ठेवून ओतलेल्या स्लॅबवर झाल्या आणि काही व्हर्जिनिया राज्यातील हेमार्केट येथे महामार्ग ६६ वरून जाणाऱ्या खऱ्या पुलावर. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की कोणतीही एक पद्धत सर्व दोष ओळखू शकत नाही. पद्धती एकमेकींना पूरक आहेत.

ते समजण्यासारखे आहे, कारण प्रत्येक पद्धत वेगळा प्रश्न विचारते. रडार विचारते, येथे ओलावा व क्षार आहेत का? अर्धघट पद्धतीत सळई आणि पृष्ठभागावर ठेवलेला तांबे-मोरचुदाचा विद्युतघट यांमधला विभव मोजतात. ती विचारते, येथे गंजण्याची क्रिया चालू असण्याचा संभव किती? विभव उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर हा संभव फार मोठा समजतात. आघात-प्रतिध्वनी पद्धतीत पोलादी गोळीने पृष्ठभागावर टिचकी मारून ध्वनिलहरींची वारंवारता मोजतात. ती विचारते, येथे पापुद्रा सुटला आहे का? ध्वनिलहर हवेची बारीक फटही ओलांडू शकत नाही, म्हणून रडारला न दिसणारी फट तिला दिसते. ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत मेरी सॅन्सॅलोन आणि निकोलस कॅरिनो यांनी विकसित केली. पुढे तेथील महामार्ग प्रशासनासाठी असा एक यंत्रमानव तयार झाला, की जो रडार, ध्वनिलहरी, विद्युतरोध आणि कॅमेरे असे सर्व एकाच वेळी घेऊन पुलावरून फिरतो.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्याकडे कोकण-गोव्यात रस्त्यावर मीठ टाकावे लागत नाही. ते समुद्राकडून आपोआप येते. खाऱ्या वाऱ्यातून, खाडीच्या भरती-ओहोटीतून क्लोराइड काँक्रीटवर सतत बसत असतो. पणजीजवळ मांडवी नदीवर १९७० साली खुला झालेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा होता, म्हणजे त्याच्यात ताण देऊन बसवलेल्या पोलादी तारा होत्या. या तारांना लागलेला गंज हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

असा पूल रडारने तपासला तर? अशा तारा पुष्कळदा धातूच्या नळ्यांत बसवलेल्या असतात. धातूवरून लहर पूर्ण परतते, हे आपण पाहिले. म्हणजे नळी कोठे आहे ते रडार सांगेल, परंतु नळीच्या आत तारा शाबूत आहेत की गंजल्या आहेत, ते ती सांगू शकणार नाही. जो गुणधर्म सळई शोधायला मदत करतो, तोच येथे पडदा होतो. एका पुलावर उपयोगी पडलेले साधन दुसऱ्या पुलावर डोळे मिटून वापरता येत नाही, ते यामुळे.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. चालू असलेला छोटा ट्रान्झिस्टर स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा. कार्यक्रम क्षीण होतो किंवा खरखर येते. नंतर तोच प्लास्टिकच्या डब्यात ठेवून फरक पाहा. धातू रेडिओलहर अडवतो.

२. एका ग्लासात पिण्याचे पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळलेले पाणी घ्या. दोन-तीन टॉर्चचे सेल, एक एलईडी व दोन पेन्सिलींतील शिसे यांचे मंडल करून दोन्हींत बुडवा. एलईडीच्या प्रकाशातला फरक नोंदवा. खाऱ्या पाण्यात रडारची लहर का क्षीण होते, ते येथे कळते.

३. बांधकामावर पडलेला काँक्रीटचा जुना तुकडा फोडा व ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थेलीनचे थेंब टाका. गुलाबी होईल तो भाग अजून अल्कधर्मी आहे. बाहेरची कड रंगहीन राहिली तर तेथे हवेतील कार्बन डायऑक्साइडने अल्कता घालवली आहे. तुकडा फोडण्याचे काम शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांवर चष्मा लावून करावे.

४. वर दिलेल्या चार वेळांचा आलेख काढल्यावर विद्यार्थ्यांना नवी सळई द्या : खोली ८ सेंटिमीटर, आडवी अंतरे ०, ६ आणि १५ सेंटिमीटर. तिरकी अंतरे ८, १० आणि १७ येतील. वेळा त्यांनी काढाव्यात आणि कोणती कमान अधिक पसरट आहे ते सांगावे.

शेवटी वर्गाला हा प्रश्न विचारावा. एका पुलाच्या रडार-नकाशावर एक मोठा लाल डाग आहे. त्याची किती कारणे असू शकतील? तेथे क्षार व ओलावा असेल. सळई अधिक खोल असेल आणि हिशेबात ती दुरुस्ती राहून गेली असेल. मापनाच्या दिवशी पृष्ठभाग ओला असेल. प्रत्येक कारण खरे की खोटे हे ठरवायला कोणती तपासणी करावी, तेही सांगायला लावावे. तो डाग पाहून कोणी लगेच "स्लॅब फोडा" म्हणाला, तर त्याला थांबवून पुढची तपासणी सुचवणारा विद्यार्थी हा विषय समजला असे म्हणता येईल.